चाचांनी पाहिलेला ‘कैथी’

2019 च्या दिवाळीत अवकाळी पावसाने मराठवाड्यातलं सोयाबीन शेतातच सडवलं. भाव वाढेल म्हणून ज्यांनी हळद घरात राखून ठेवली होती, त्यांना ती मोंढ्यावर आणण्यावाचून इलाज उरला नाही. मी तेव्हा वसमतला एका आडतीवर कामाला होतो. नोव्हेंबरात तामिळनाडूतल्या ईरोडच्या व्यापाऱ्याशी सौदा झाला आणि माल उतरवून, वजनाचा हिशेब घेऊन यायला मालकांनी मला गाडीसोबत पाठवलं.

गाडीवर चाचा होते. हिंगोली जिल्ह्यातलेच, उभा जन्म स्टेअरिंगवर गेलेला. नांदेड, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगळुरू असा रस्ता. दिवसा ते फारसं बोलायचे नाहीत. रात्री बारा वाजून गेले की म्हणायचे, “बातां कर रे बेटा, आँख लगती.” मग मी तोंडाला येईल ते बोलत राहायचो. ट्रकमध्ये शेजारी बसणाऱ्याचं खरं काम हेच असतं, हे मला त्या रस्त्यावर कळलं. सामान सांभाळणं, ताडपत्रीच्या दोऱ्या ओढून बघणं हे त्याच्या नंतरचं.

धर्मपुरी मागे पडली की सेलमच्या अलीकडे तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांबलचक आहे. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. या घाटात किती गाड्या अशा गेल्या असतील, देव जाणे. चाचांनी वरच गिअर खाली आणला आणि पायथ्यापर्यंत तो बदलला नाही. मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते. त्यांनी आरशात एकदा पाहिलं, बस्स.

पुढे सेलम. आमच्याकडे शेतात जी हळद सगळ्यात जास्त लागते ती सेलमच. गावोगाव बेणं ह्याच नावाचं. हे गाव सिनेमाचंही आहे, हे मला तिथे गेल्यावर समजलं. टी. आर. सुंदरम यांचा मॉडर्न थिएटर्स हा स्टुडिओ इथलाच. 1956 चा ‘अलिबाबावुम 40 तिरुडर्गळुम’ हा तमिळमधला पहिला पूर्ण रंगीत सिनेमा ह्याच स्टुडिओने काढला. पुढे जयशंकर यांना घेऊन हेरगिरीचे, मारधाडीचे सिनेमेही काढले. येरकाडच्या रस्त्यावर स्टुडिओची कमान अजून उभी आहे.

ईरोडला माल उतरला. पैसे दुसऱ्या दिवशी मिळणार होते. हमालांपैकी एकाने हातवारे करून सांगितलं की जवळच्या थिएटरात ट्रकचा सिनेमा लागलाय. चाचांना सिनेमाचा नाद नव्हता, पण ट्रक म्हटल्यावर ते उठले.

सिनेमा होता ‘कैथी’, म्हणजे कैदी. तमिळचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता, तरी गोष्ट कुठे अडली नाही. दहा वर्षं तुरुंगात काढलेला दिल्ली (हे त्याचं नाव, काम कार्तीचं) सुटून आपल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा भेटायला निघालेला. एका मेजवानीत विषारी दारूने पोलीस बेशुद्ध पडतात. शुद्धीवर असलेल्या अधिकाऱ्याचा हात जायबंदी, त्यामुळे गाडी कोण चालवणार? केटरिंगवाल्याच्या लॉरीत मागे बेशुद्ध पोलीस आडवे टाकलेले आणि स्टेअरिंगवर हा कैदी. सगळी गोष्ट एका रात्रीची.

गुंडांनी लॉरीचा पाठलाग सुरू केला आणि दिल्लीने करकचून ब्रेक मारला, तेव्हा शिट्ट्या पडल्या. चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, “पीछे आदमी हैं, आहिस्ता!” बाकी थिएटर हाणामारी पाहत होतं, चाचा मागचा माल पाहत होते. दिल्ली कपाळाला भस्म फासून उभा राहतो, त्या प्रसंगाला औंढा नागनाथच्या मुलखात वाढलेला मीही शिट्टी मारली. चाचांचे डोळे मात्र कार्तीच्या डाव्या हातावर होते. गिअरच्या दांड्यावर तो हात कसा येतो, कधी येतो, याच्यावर. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, “डायवर लोगां का पिच्चर है ये.”

नंतर मी तो हिंदी आवाजात पाहिला, मग तमिळमध्ये खालच्या ओळी वाचत पाहिला, आणि तो बनला कसा याची माहिती मिळेल तिथून गोळा केली. दिग्दर्शक लोकेश कनगराज हे आधी बँकेत नोकरीला होते. 2017 च्या ‘मानगरम’नंतरचा हा त्यांचा दुसरा सिनेमा. नायिका नाही, गाणं नाही. आणि 25 ऑक्टोबर 2019 ला, विजयचा ‘बिगिल’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी, हा थिएटरात उतरवला. तरी चालला.

मला सगळ्यात मोठी वाटते ती लोकेश यांची रात्रीची मेहनत. जवळजवळ सगळं चित्रीकरण त्यांनी रात्रीच केलं. हेडलाइटचा उजेड संपतो तिथून पुढे काही दिसत नाही, ही ड्रायव्हरची रात्र छायालेखक सत्यन सूर्यन यांनी जशीच्या तशी पकडली आहे. अन्बरिव या जुळ्या भावांनी बसवलेली मारामारी त्या उजेडाच्या कडेवर घडते. माणूस अंधारातून येतो, क्षणभर दिसतो, पुन्हा अंधारात जातो. भीती वाटते ती त्यामुळे. कार्तीचा थकवाही खरा वाटतो, कारण तो झोप मारून जागलेल्या माणसासारखा हालचाल करतो. शेवटी मोठी बंदूक हातात येते तो भाग मला अतीच वाटतो, पण तोवर सिनेमाने ते कमावलेलं असतं.

2023 ला अजय देवगण यांनी ह्याचाच हिंदी ‘भोला’ काढला. त्यात गाणी आली, थ्रीडी आलं, आणि लॉरी मागे पडली. मी तो अर्ध्यात बंद केला. ज्याला ‘कैथी’ पाहायचा असेल त्याने मूळ तमिळमधलाच पाहावा.

आपल्याकडे वसमतहून, हिंगोलीहून सांगलीला रात्रभर हळदीच्या गाड्या जातात. पोटच्या लेकराला महिना-महिना न पाहिलेले ड्रायव्हर त्या चालवतात. मराठीत या माणसांवर असा एक दमदार सिनेमा व्हायलाच हवा. कुणी लिहायला घेत असेल तर त्याने आधी हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यावर येऊन बसावं. रात्री गाडीत शेजारी बसायची सोय मी करून देईन.