आम्ही आणि आपण

'मातृभाषेचे महत्त्व' या विषयावरचे किती निबंध आम्ही उभयतांनी आजवर तपासले असतील याची गणती नाही. दोघेही मराठीचे अध्यापक. निबंधातली विधाने ठरलेली असतात. आईच्या दुधाबरोबर येते ती मातृभाषा. स्वप्ने पडतात ती मातृभाषा. ठेच लागल्यावर तोंडून निघते ती मातृभाषा. या विधानांना आम्ही वर्षानुवर्षे दहापैकी सात गुण देत आलो. नोव्हेंबर 2022 मध्ये आमच्या घरी दोन मुले आली, आणि ही तिन्ही विधाने रोजच्या जगण्यात पडताळून पाहण्याची वेळ आमच्यावर आली.

मुले ओडिशातली. सहा वर्षांची बहीण आणि साडेतीन वर्षांचा तिचा भाऊ. दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाकडे नाव नोंदवताना राज्याची पसंती सांगता येते; आम्ही कोणतेही राज्य चालेल असे कळवले होते. 2022 च्या नियमावलीनुसार दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे असेल तर पती-पत्नींच्या वयांची बेरीज 85 हून अधिक चालत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती 100 पर्यंत चालते. म्हणजे उशिरा नोंदणी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी मूल येते ते बहुधा बोलते होऊनच येते. पाळण्यातले बाळ आपली भाषा शिकते. बोलते मूल आधीची भाषा बरोबर घेऊन येते, हे कागदोपत्री आम्हांला ठाऊक होते. संस्थेने दिलेल्या अहवालात त्या जागी एकच शब्द होता : ओडिया.

भुवनेश्वरहून पुण्याला कोणार्क एक्सप्रेसने दीड दिवस लागतो. ब्रह्मपूरपर्यंत फलाटावरचे फेरीवाले मुलांच्या भाषेत ओरडत होते. नंतर तेलुगू सुरू झाली आणि मुलगी खिडकीपासून दूर सरकली. सोलापूरला मराठी ऐकू आली तेव्हा आम्हांला घरी आल्यासारखे वाटले. तिने मात्र भावाचा हात घट्ट धरला. आमची मुले देशाबाहेरून आली नव्हती हे खरे. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला देशाची सीमा कळत नाही, भाषेची कळते.

पहिले महिने शब्दांच्या गोंधळात गेले. पाणी हे दोन्ही भाषांत पाणीच, आणि त्यातला 'ण' आमच्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा मुलांच्या तोंडी शुद्ध होता. 'ळ'ही तसाच, केळ्याला ती 'कदळी' म्हणत. पण एके दुपारी धाकटा 'भोक, भोक' म्हणून रडू लागला आणि आम्ही त्याच्या सदऱ्याला, चादरीला, भिंतीला भोक शोधत राहिलो. बहिणीने येऊन त्याच्या हाती बिस्किट दिले. ओडियात भोक म्हणजे भूक. थोरल्या बहिणीला तो 'अपा' म्हणे. त्याने जिन्यात हाक मारली की आमच्या मजल्यावरचे सत्तरीचे अप्पा दार उघडून 'काय रे बाळा?' विचारत. ओडियात क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे मुलगी 'मी आलो, मी जेवलो' म्हणे. ही चूक सुधारण्याची आम्हांला मुळीच घाई नव्हती.

भाषेशिवायही पुष्कळ काही शिकायचे होते, आणि शिकणारे बव्हंशी आम्हीच होतो. मुलगी भावाला भरवल्याशिवाय घास घेत नसे. जेवण झाले की दोघेही आपापले ताट धुऊन पालथे घालीत. उशीखाली पोळीचा तुकडा सापडे. तो आम्ही तिथेच राहू देत असू, आणि चार-पाच महिन्यांनी तो आपोआप दिसेनासा झाला. मोरीत जाण्यासाठीसुद्धा परवानगी मागितली जाई. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी तो मीठ-कांद्याशी खायचा, हे तिने हातवारे करून शिकवले. त्याला ओडियात 'पखाळ' म्हणतात. आम्ही एक वही केली आणि असे शब्द तीत देवनागरीत उतरवू लागलो. अशा सुमारे 140 शब्दांची नोंद झाली.

दिवसा मुले आमच्याशी मराठीच्या तुकड्यांनी बोलत, रात्री अंथरुणात मात्र आपसांत ओडिया. बहीण सांगे, भाऊ हुंकार देई. पहिल्या उन्हाळ्यात एका रात्री ती फार वेळ काहीतरी सांगत होती. आम्ही दाराबाहेर होतो. तीनच शब्द ओळखू आले : 'बोउ', 'नई' आणि 'घर'. बोउ म्हणजे आई, नई म्हणजे नदी. हे नोंदवून घ्यावे, कुणा ओडिया जाणकाराला ऐकवावे, असे मनात आले नाही असे नव्हे. फोन हातात होता. पण ते आमच्यासाठी सांगितलेले नव्हते. आम्ही आवाज न करता तिथून निघून आलो, आणि आजही आम्हांला तेच योग्य वाटते.

सप्टेंबर 2023 मध्ये, गणपतीच्या दिवसांत, त्याच अंथरुणातून आवाज आला : 'झोप आता, उद्या शाळा आहे ना!' बहीण भावाला दटावत होती, मराठीत. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आनंद झालाच, दोन मराठीच्या मास्तरांच्या घरात दहा महिन्यांत मुले आपसांत मराठी बोलू लागली होती. पण त्या आनंदात दुसऱ्याची वस्तू हाती आल्याची भावनाही मिसळलेली होती. पुढे काही महिन्यांनी आम्ही तिला सहज विचारले, 'तू त्याला नदीची गोष्ट सांगायचीस ना?' ती म्हणाली, 'कुठली नदी?' ती लपवत नव्हती. ज्या भाषेत ती नदी होती ती भाषाच निघून गेली होती. नवी भाषा आली तेव्हा सांगण्याजोगे असे तिच्यापाशी काही उरले नव्हते.

भाषा नुसती विसरली जात नाही, तिला दूरही लोटले जाते, हे आम्हांला एका गवंड्यामुळे कळले. शेजारच्या इमारतीच्या कामावर गंजाम जिल्ह्यातली माणसे होती. मुले ओडिशातली असल्याचे कुणाकडून तरी ऐकून त्यांतल्या एकाने मायेने विचारले, 'तुम घर केउँठि?' म्हणजे, तुमचे घर कुठे? मुलगी ताठ उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, 'आम्ही इथलेच आहोत.' बिचारा ओशाळून हसला. घरी आल्यावर तिने बराच वेळ बोट सोडले नाही. शेवटी विचारले, 'ते काका आम्हांला परत न्यायला आलेत का?' जी भाषा ऐकून तिला जवळचे वाटेल असे आम्ही समजत होतो, ती तिच्या लेखी परत नेणाऱ्यांची भाषा झाली होती.

परदेशी दत्तक गेलेल्या मुलांच्या भाषेचा अभ्यास झालेला आहे, तो आम्ही त्या सुमारास वाचला. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच घरांत आलेल्या आणि आता प्रौढ झालेल्या काही जणांची तपासणी क्रिस्तोफ पॅलिए आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केली. कोरियन वाक्ये त्यांना ओळखता आली नाहीत; मेंदूच्या चित्रणातही त्या भाषेची खूण आढळली नाही. परंतु 2014 साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांना वेगळे दिसले. चीनमधून तान्ह्या वयात आलेल्या, केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी भाषेतले सूर ऐकताना चिनी येणाऱ्या मुलींच्या मेंदूसारखाच काम करीत होता. 2017 साली नेदरलंड्समधल्या कोरियन दत्तकांनी थोड्या सरावानंतर कोरियन व्यंजने इतर डच माणसांपेक्षा चांगली उच्चारून दाखवली. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून सातासमुद्रापार गेलेली मुलेही तिशी-चाळिशीत जन्मगाव शोधत येतात, तेव्हा दुभाषा बरोबर असतो. शब्द गेलेले असतात. कानात कुठेतरी वळण राहिलेले असणे शक्य आहे. आम्हांला हे वाचून दिलासा मिळाला, पण त्या दिलाशाची मर्यादाही कळली. सूर राहिला म्हणून नदीची गोष्ट परत येत नाही.

ओडियाला 2014 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला 2024 साली. महाविद्यालयात आम्ही त्यानिमित्त भाषणे केली. दोन अभिजात भाषांपैकी एक आमच्या घरात वर्षभरही टिकली नाही, हे भाषणात सांगण्यासारखे नव्हते. त्याच वर्षी आम्ही ओडियातले प्रसिद्ध बालपुस्तक 'वर्णबोध' मागवले. ते रचणारे कवी मधुसूदन राव (1853–1912) जन्माने पुरीचे, घराणे मूळचे मराठी. नागपूरकर भोसल्यांची सत्ता ओडिशावर 1751 ते 1803 अशी अर्धशतक होती. त्या काळात मराठी माणसे तिकडे गेली आणि राहिली. ज्यांचे पूर्वज मराठी बोलत होते त्या माणसाने ओडिया मुलांच्या पिढ्यांना अक्षरे शिकवली. त्याची मातृभाषा कोणती, असा प्रश्न निबंधात कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तर 'ओडिया' असेच द्यावे लागेल, आणि त्यामुळे त्याच्या पूर्वजांची मराठी खोटी ठरणार नाही. पुस्तक आमच्या कपाटात मुलांच्या हाताला येईल असे ठेवले आहे. धाकट्याने ते उघडून 'ही जिलबीची अक्षरं आहेत' असे जाहीर केले. मुलीने अजून हात लावलेला नाही. आम्ही सुचवलेलेही नाही.

दत्तकविधानानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाहणी होते. येणाऱ्या बाई आस्थेवाईक होत्या; त्यांचा प्रश्न नेहमी एकच असे, 'मुलं रुळली का?' आम्ही 'हो' म्हणत असू आणि ते खरेही होते. घरातल्या घरात आम्हांला त्याची निराळी खूण सापडली होती. मराठीने प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन शब्द ठेवले आहेत. 'आम्ही' म्हटले की समोरचा वगळला जातो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजीत किंवा हिंदीत ही सोय नाही. मुलगी पहिले वर्षभर 'आम्ही'च म्हणे : आम्ही जेवलो, आम्हांला झोप आली. त्या 'आम्ही'त ती आणि भाऊ, बाहेर आम्ही दोघे. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली, 'आई, आपल्याकडचं मीठ संपलंय!' वाण्याकडे जायला निघालेले आम्ही दोघेही पायरीवर क्षणभर थांबलो.

'आपण' आता आमच्या घरी विपुल आहे, आणि बाहेरून येणाऱ्या कुणालाही ते पुरेसे वाटेल. पण मुलांच्या 'आम्ही'चा तेवढ्याने निकाल लागत नाही. त्या 'आम्ही'त एक आई आहे, एक नदी आहे, आमच्या आधीची साडेतीन आणि सहा वर्षे आहेत. त्यांत आम्हांला जागा नाही आणि आम्ही ती मागूही नये. आम्ही इतकेच करू शकतो की त्या जागेवर आपले काही बांधू नये. संस्थेतून आलेली नावे आम्ही बदलली नाहीत. अधूनमधून सकाळी पखाळ असतो. 140 शब्दांची वही बंद केलेली नाही, जरी तीत नवा शब्द आता चढत नाही. मुले मोठी होऊन कधी मागतील तेव्हा ती त्यांची आहे. न मागतील तर तेही त्यांचेच आहे.

मातृभाषेवरचे निबंध यंदाही तपासायला आले आहेत. ठेच लागल्यावर मुलगी आता 'आई गं' म्हणते. गुण आम्ही पूर्वीसारखेच देतो. फक्त 'मातृभाषा एकच असते' असे वाक्य आले की त्याखाली रेघ मारून बाजूला बारीक अक्षरात लिहितो, 'नेहमी नव्हे.'