तिघं आपण, बाकी बॉट

'बॅरोट्रॉमा' या पाणबुडीच्या खेळात 16 जणांना एकत्र खेळता येतं. रविवारी रात्री आम्ही जमतो ते तिघंच: मी इंदूरहून, दादा हैदराबादहून आणि धाकटा आतेभाऊ बडोद्याहून. ताई चौथी होती. तिला चैत्रात बाळ झालं आणि रात्री दहाची वेळ तिची राहिली नाही.

खेळ घडतो गुरूच्या युरोपा या चंद्रावर. वर बर्फाचं कवच, खाली अंधारा समुद्र, त्यात आपली पाणबुडी. कोणी कप्तान, कोणी अणुभट्टी सांभाळणारा इंजिनिअर, कोणी मेकॅनिक, कोणी डॉक्टर. बाहेरून प्राणी धडका देतात, भिंतीला भोक पडतं, पाणी आत शिरतं, विजेच्या पेट्या बिघडतात, आणि हे सगळं नेमकं एकाच वेळी.

माणसं कमी असली तर पाणबुडी लहान घ्यावी, हे माझं ठाम मत. कुठल्या पाणबुडीला साधारण किती खलाशी लागतात ते तिच्या माहितीत दिलेलं असतं. आतेभाऊ ते वाचत नाही, त्याला मोठीच हवी असते! मोठीत मागच्या टोकाला गळती लागली, की पुढून धावत पोहोचेपर्यंत ती खोली भरलेली. तिघांना 'डुगाँग' पुरे.

तरी हात कमीच पडतात. मग वाटेतल्या ठाण्यांवर पैसे मोजून बॉट कामावर घ्यायचे. बॉट बिनडोक असतात ही तक्रार अर्धीच खरी आहे. भट्टी सांभाळ म्हटलं, की तो तिथून हलत नाही, कंटाळत नाही, मध्येच चहा करायला उठत नाही. फक्त ज्याचं काम त्याला द्यावं, भट्टी इंजिनिअरला आणि गळती मेकॅनिकला. बोटीवर वेल्डिंगचं इंधन शिल्लक आहे ना, तेही आधी बघावं. सुकाणू आणि तोफ मात्र आम्ही त्यांना देत नाही. कपारीतून घुसायचं की वळसा घ्यायचा, यावर भांडायला माणूसच लागतो.

ताईच्या जागी बॉट घ्यायचा का, यावर मात्र आमचं अडलं. दादा म्हणाला, "ती येईपर्यंत थांबू." थांबलो. तीन रविवार गेले, आणि त्या तीन आठवड्यांत आम्हा चौघांपैकी कोणी कोणाला फोनसुद्धा केला नाही. आम्हाला बोलायला निमित्त लागतं, काय करणार! शेवटी मी ताईलाच विचारलं.

"अगं, घ्या की," ती म्हणाली. "गळत्या बुजवू दे त्याला. माझ्या तोफेला हात लावू देऊ नका म्हणजे झालं."

त्याच रविवारी एक मेकॅनिक घेतला. आतेभावाने त्याला ताईचं माहेरचं नाव दिलं. परवा पावणेअकराला ती स्वतःच आली, बाळ शेजारी झोपलेलं म्हणून कुजबुजत. वीस मिनिटं तोफेवर होती. मग बाळ उठलं, ती गेली, आणि तोफेवर दादा धावला.