ठणका, कसर, उसण

दवाखान्यात हल्ली सगळ्यांचं एकसारखंच दुखतं. ‘पेन होतंय.’ किती, तर शून्य ते दहामधला एक आकडा.

ठणका. ठण हा घणाचा आवाज. दुखण्याला आवाज नसतो, तरी मराठीनं ते कानानंच ओळखलं. डोकं भणभणतं, कपाळ सणकतं, दाढ ठसठसते. खरचटलेल्या गुडघ्यावर टिंक्चर लागलं की चरचरतं, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं. ठसठस आणि ठणका यांतला फरक घरातल्या बायकांना नेमका ठाऊक असे. गळू ठसठसतंय तोवर अळशीचं पोटीस बांधायचं. ठणका लागला, झोप उडाली, की पिकत आलं म्हणायचं, आता फुटेल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली दुखण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली: ७८ शब्द, २० गट. रोग्यानं शब्द निवडायचा, त्यावरून दुखण्याची जात कळते. आपल्याकडे हे काम माजघरात, कागदाविना चाले.

कणकण. ताप यायच्या आधीची. थर्मामीटरला पत्ता नसतो.

कसर. मूळ अरबी, हिशेबातली तूट किंवा उरलेला अंश. तीच अंगात शिरली. ताप उतरला तरी ‘बारीक कसर आहे, आज आंघोळ नको’. औषधाच्या चिठ्ठीवर ही कधीच आली नाही.

भोवळ, घेरी, चक्कर. तिन्ही गोल फिरणाऱ्या. भोवळ ही भ्रम् धातूची, भोवऱ्याच्या घरातली. आता तिघींच्या जागी ‘बीपी लो’.

दात आंबणे. चिंचा, कैऱ्या खाल्ल्यावर भाकरीचा तुकडाही चावेना. आता याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि तिची वेगळी टूथपेस्ट मिळते.

उसण. वाकून कळशी उचलताना कमरेत भरते आणि माणूस तसाच अडकतो. लचक मुरगळल्याची, चमक बरगडीतून निघून जाणारी. उसण मात्र मुक्कामाला येते. तिच्यावर पायाळू माणसाची लाथ हा ठरलेला उतारा. आळीत असा एखादा असायचाच, पोरसवदा असला तरी त्या दिवशी त्याला मान. आता पोटात मूल पायाळू आहे असं दिसलं की बहुतेक ठिकाणी सिझेरियन करतात. असं जन्मलेल्याची लाथ चालते का, हे सांगायला सुइणीही उरलेल्या नाहीत.