पैसा पडून आहे... पडू दे!

वर्कशॉपमध्ये लेथ नुसताच फिरत ठेवून गप्पा मारल्या की सर ओरडतात. वीज जळते, काम शून्य! घरातल्या रिकाम्या पैशाचं त्याहून वाईट. तो नुसता वाया जात नाही, माणसाला घाई करायला लावतो.

आमचंच बघा. आम्ही नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो. स्वतःची जागा घ्यायची म्हणून बाबांनी वर्षानुवर्षं जपलेले शेअर्स विकले. सहा लाख रुपये आले आणि एजंटचे फोन सुरू झाले, "काका, आज टोकन द्या, उद्या रूम राहणार नाही." मामाही म्हणाला, "दाजी, पैसे नुसते पडून आहेत. देऊन मोकळे व्हा."

पण घाईची किंमत आमच्या भागाला ठाऊक आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. तिथेही अनेकांनी पैसे मोजूनच घरं घेतली होती! बाबा म्हणाले, "सातबारा, बांधकाम परवानगी, महारेरा नंबर... वकिलांनी बघितल्याशिवाय एक रुपया देणार नाही." म्हणजे किमान दोन महिने. तोवर सहा लाख ठेवायचे कुठे?

शेअर्स विकून ब्रोकरकडे राहिलेल्या पैशावर व्याज नाही. बचत खात्याचा दर स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. डीमॅट होतंच, म्हणून बाबांनी लिक्विड ईटीएफ घेतला. मुंबईच्या बेंचमार्क कंपनीने २००३ साली 'लिक्विड बीज' या नावाने हा प्रकार आपल्याकडे आणला. आज तो निप्पॉन इंडियाकडे आहे. युनिट साधारण हजार रुपयांचं, शेअरसारखंच बाजारात घ्यायचं-विकायचं. त्यातला पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांच्या तारणावर एका रात्रीपुरता उसना दिला जातो. विरार कारशेडमध्ये गाड्या रात्री विसावतात, हा पैसा मात्र नाईट शिफ्ट करतो! व्याज रेपो दराच्या आसपास फिरतं.

आता गणित. पाच टक्के धरले तर सहा लाखांवर ६० दिवसांत सुमारे ४,९०० रुपये. बचत खात्यात सुमारे २,५००. त्यातून दलाली जाते आणि स्लॅबप्रमाणे करही. लिक्विड बीजमध्ये रोजचा लाभांश युनिटच्या तुकड्यांत जमा होतो आणि ते तुकडे बाजारात विकता येत नाहीत. काही नव्या ईटीएफमध्ये त्याऐवजी युनिटची किंमतच वाढते. विकल्यावर पैसे कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी मिळतात. बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे नाही. त्यामुळे मेसच्या बिलासाठी कुणी मुद्दाम डीमॅट उघडू नये, त्याला बचत खातं पुरे!

जास्तीच्या दोन-अडीच हजारांत घर सोडा, घराचं दारही येत नाही. पण आमच्या घरात "पैसे पडून आहेत" हे वाक्य बंद झालं. एजंटचा फोन आला की बाबा शांतपणे सांगतात, "पैसे कामावर गेलेत. तुम्ही कागद आणा." पहिल्या इमारतीचे कागद वकिलांनी परत पाठवले, बांधकाम परवानगीच नव्हती. मामा आता गप्प आहे आणि आम्ही दुसरी इमारत बघतोय. मित्रांनो, पैसा नीट पार्क केला की माणसाला 'नाही' म्हणायला सवड मिळते. ते व्याज कुठल्याच पासबुकात दिसत नाही!