एक ओळ

खून म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उभ्या राहतात. अशा कथेतला डॉक्टर फक्त एका पानापुरता येतो. प्रेताजवळ वाकतो, घड्याळाकडे पाहतो, "मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान झाला" असे सांगतो आणि बॅग उचलून निघून जातो. माझे बाबा ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत. त्यांना इतकी नेमकी वेळ सांगताना मी कधी ऐकले नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रेत लवकर ताठरते आणि लवकर सैलही पडते, तेव्हा घड्याळ लावून बोलू नये, असे ते म्हणतात.

तालुक्याच्या गावी शवविच्छेदनासाठी वेगळा तज्ज्ञ नसतो. सकाळी खोकला-ताप तपासणारा डॉक्टरच दुपारी गावाबाहेरच्या त्या पत्र्याच्या खोलीत जातो. परत आल्यावर बाबा मागील दाराने आत येत आणि अंघोळ होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. त्या दिवशी आई मुद्दाम साधे वरण-भात करी.

अशा दिवशी संध्याकाळी हमखास आमच्याकडे येणारा माणूस म्हणजे फौजदारकाका. दोघांची ओळख प्रेतांमुळे झाली, असे आई हसून म्हणायची. काका पंचनामा घेऊन यायचे, बाबा प्रमाणपत्र द्यायचे. त्यातूनच रविवारचा बुद्धिबळाचा डाव सुरू झाला. काकांना दोन मुली. त्या आमच्याच शाळेत होत्या. दिवाळीच्या फराळाचे ताट दोन्ही घरांतून एकाच वेळी निघायचे आणि रस्त्यातच अदलाबदल व्हायची.

मी नववीत असताना शेजारच्या गावात एका विहिरीत एक विवाहित मुलगी सापडली. लग्नाला तीन वर्षेही झाली नव्हती. लग्नाला सात वर्षे पुरी झालेली नसली की अशा मृत्यूचा पंचनामा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर होतो. तो झाला. बाबांनी शवविच्छेदन केले. श्वासनलिकेत गाळ होता, तोंडाशी बारीक फेस होता. म्हणजे ती पाण्यात पडली तेव्हा जिवंत होती. डोक्याला मात्र एक जखम होती आणि तीही जिवंतपणीची. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून प्रयोगशाळेकडे गेला आणि प्रमाणपत्रावर बाबांनी लिहिले, 'मत राखून ठेवले.'

त्या रात्री काका आले ते बुद्धिबळासाठी नव्हे.

"डॉक्टर, ती जखम काठीची आहे. सासरच्यांनी मारून ढकललंय तिला. आजूबाजूचे सगळे जाणतात, पण बोलत नाहीत. तुम्ही तेवढं लिहा."

"जखम काठीची असेल किंवा विहिरीच्या दगडाची. जखमेवरून मला दोन्हीतला फरक करता येत नाही, साहेब."

"येत नाही की करायचा नाही?"

बाबा काही बोलले नाहीत. काकांनी चहाला हात लावला नाही. जाताना ते म्हणाले, "तुमच्या एका ओळीवर ती माणसं सुटतील. तुम्हालाही मुलगी आहे."

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला, विष नव्हते. बाबांनी अखेरचे मत दिले : मृत्यू बुडून; जखम माराची की पडताना झालेली, हे निश्चित सांगता येत नाही. रविवारचा डाव बंद झाला. फराळाचे ताट त्या वर्षी निघाले नाही. आणि मी, जेवताना, सर्वांसमोर बाबांना म्हणाले, "तुम्ही घाबरलात." बाबांनी ताटातला भात संपवला आणि उठले.

काही दिवसांनी त्यांनी मला मोदींच्या न्यायवैद्यकाच्या जाड ग्रंथाशेजारी बसवले आणि एक जुनी हकीकत सांगितली. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेही विधवा. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या आपले डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. पहाटे बेशुद्ध स्थितीत जी. टी. रुग्णालयात त्यांना दाखल करण्यात आले, तेही भलत्याच नावाने, आणि दुपारच्या आत त्या गेल्या. प्रेत बेवारस ठरले. शवविच्छेदन व्हायला दहा दिवस लागले. विष सापडले नाही. मृत्यू मधुमेही मूर्च्छेने, असे मत पडले. कागदावर प्रकरण संपले होते. पण पुण्यात 'लक्ष्मीबाईंची' पत्रे येत राहिली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात राहिली. शेवटी पोलिसांनी ते सारे धागे जुळवले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. मात्र तीन न्यायमूर्तींपैकी एकाचे मत वेगळे होते.

"म्हणजे तिथे डॉक्टर चुकले आणि पोलीस बरोबर होते," मी जरा जोरातच म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. "प्रेतानं सांगितलं नाही ते माणसांकडून काढावं लागलं. ते काम तुझ्या काकांचं. मला दिसलं नाही ते मी लिहिलं, तर ते ते काम करतील कशाला?"

तेव्हा मला ते सारवासारवीचे वाटले. पण काका खरोखरच पुन्हा त्या गावात गेले. एकदा नव्हे, अनेकदा. त्या मुलीने माहेरी केलेले फोन, शेजारणीने ऐकलेले रडणे, दवाखान्यात पूर्वी बांधलेला हात, असे एकेक त्यांनी गोळा केले. मग त्यांची बदली झाली.

खटला उभा राहिला तेव्हा मी महाविद्यालयात होते. आरोपीच्या वकिलाने बाबांना तासभर पिंजऱ्यात उभे केले. "ही जखम दगडाने होऊ शकते ना?" "होऊ शकते." "काठीने?" "तीही होऊ शकते." कितीही फिरवून विचारले तरी उत्तर तेच. गेल्या वर्षी निकाल लागला. नवऱ्याला छळाबद्दल शिक्षा झाली. खून सिद्ध झाला नाही.

निकालाच्या दुसऱ्या रविवारी काका आले. केस पुष्कळ पांढरे झाले होते. आईने काही न विचारता चहा टाकला. काका म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही काठी लिहिली असती तर त्या वकिलानं तुम्हाला फाडलं असतं आणि तुमच्याबरोबर माझे साक्षीदारही गेले असते." थोडे थांबून म्हणाले, "पण ती जखम काठीचीच होती."

"असेल," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कपाटातून बुद्धिबळाचा डबा काढला. एक घोडा हरवला होता. त्याच्या जागी बाटलीचे बूच ठेवून डाव मांडला.

ती मुलगी कशी गेली, हे मला आजही माहीत नाही. विहिरीचा तो काठ मनात आला की मी काकांच्या बाजूची होते, आणि बाबांचे ते उत्तर आठवले की बाबांच्या. पण एक गोष्ट निश्चित सांगता येते. त्या रात्री जेवताना मी जे बोलले ते चूक होते. बाबा घाबरले नव्हते. मित्र तुटेल हे समोर दिसत असताना त्यांनी ती ओळ लिहिली होती. हे मी त्यांना अजून तोंडाने सांगितलेले नाही. आमच्या घरी महाविद्यालयाचा अंक येतो आणि बाबा तो पहिल्या पानापासून वाचतात, म्हणून इथे लिहिले.