घट्टे

देहूहून तुकोबांची पालखी निघाली की दुसऱ्या दिवशी ती निगडीत येते. भक्ती-शक्ती चौकात स्वागत होतं आणि मग आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्काम पडतो. वाटेत वारकरी दुकानांच्या पायऱ्यांवर, पुलाच्या सावलीत टेकतात आणि इथली माणसं तेलाच्या वाट्या घेऊन त्यांच्या पायांशी बसतात. मीही बसते. एका वर्षी एका आजींचा पाय मांडीवर घेतला. टाच अशी टणक, की माझा अंगठा रुतेना. कडेला खोल भेगा. “आजी, दुखतं का हो?” म्हटलं, तर हसल्या. “तितं काय दुकायचंय माउली? तितलं समदं मेलंया कवाच.”

आजी बोलल्या ते अक्षरशः खरं होतं. टाचेची वरची कातडी मेलेल्या पेशींचीच असते. विभाजित होणाऱ्या पेशी तळाशी, एकाच ओळीत. त्यांतून निघणाऱ्या नव्या पेशी जुन्यांना वर सारतात. वर जाता जाता पेशीत केराटिन भरतं, ती चपटी होते, तिचं केंद्रक नाहीसं होतं आणि महिना-सव्वा महिन्यात ती पृष्ठभागावर येऊन झडून जाते. या साऱ्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. खालून झिरपून येईल तेवढ्यावर तळातल्या पेशी जगतात. म्हणून भेग या थरापुरती असेल तोवर रक्त दिसत नाही; ते दिसलं की समजावं, भेग पार खाली उतरली. पापणीवर हा थर मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग भरतो, तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जातो. जिथे घासलं जातं, दाबलं जातं, तिथे शरीर भर घालत राहतं.

मी नववीला विज्ञान शिकवते. शरीराचे आतले-बाहेरचे पृष्ठभाग मढवणारा कातडीसारखा थर म्हणजे अभिस्तर. ‘अभिस्तर ऊती’ या नावाखाली मुलं सरल पट्टकी, स्तरित पट्टकी, स्तंभीय, घनाभरूप, रोमक, ग्रंथिल असे प्रकार घडाघडा म्हणतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला वाटतं, तो तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या जागी शरीराला काय अडवायचंय आणि काय आत घ्यायचंय? तेवढं कळलं की पेशींचे आकार पाठ करावे लागत नाहीत. आतड्याला अन्नरस शोषायचा असतो, तर तिथे उंच स्तंभीय पेशी आणि त्यांच्या माथ्यावर अतिसूक्ष्म उंचवट्यांची दाटी. आणि त्या तीन ते पाच दिवसांत बदलतात. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये घनाभरूप पेशी, कारण दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलेल्या द्रवातून दीडेक लिटर सोडून बाकी सगळं त्यांना परत मिळवायचं असतं. मूत्राशयाचं अस्तर ताणलं की पसरतं. चाकणच्या वाहतूककोंडीत कंपनीच्या बसमध्ये अडकलेल्या बायकांना त्याची किंमत ठाऊक आहे. घाम, लाळ, दूध हेही सगळं अभिस्तरातून खोल उतरलेल्या ग्रंथींचंच.

हात मात्र सविस्तर पाहण्यासारखे. तळवडे, चिखली, भोसरीच्या शेडमध्ये लेथवर उभ्या राहणाऱ्या माणसांचे हात मी पालकसभेत पाहते. सही करताना पेन धरलेल्या बोटांच्या मुळाशी पिवळट घट्टे, नखांच्या कडांत काळं तेल, आणि मधूनमधून लालसर, सोललेले डाग. घट्टा घर्षणाला पुरून उरतो, लेथवर धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटपुढे हरतो. दिवसभर कूलंटमध्ये हात ओले राहिले की पेशींमधला स्निग्ध अंश निघून जातो, कातडी तडकते आणि खाज सुरू होते. एका पालकांनी बोट पुढे करून सांगितलं, “मॅडम, थंब लागत नाही माझा.” गेटवरच्या हजेरीच्या यंत्राला त्यांच्या बोटांवरच्या रेषा सापडत नव्हत्या. त्या रेषांचा साचा जन्माआधीच ठरलेला असतो आणि तो खालच्या थरात सुरक्षित असतो, वरचा उंचवटा तेवढा झिजतो. काही आठवडे हातांना विसावा मिळाला की रेषा पुन्हा उमटतात, त्याच, तशाच. पण इतके आठवडे विसावा कोणाला मिळतो? माणूस रोज कामावर येतो याचा पुरावा त्याच्या हातावर असताना यंत्राने त्याला गैरहजर ठरवावं, याचा मला मनापासून राग येतो.

आता आजींची टाच बाजूला ठेवून फुप्फुसात शिरू. तिथल्या वायुकोशांचं अस्तर पसरलं तर सुमारे 70 चौरस मीटर भरेल, म्हणजे यमुनानगरातला साडेसातशे फुटांचा फ्लॅट. तिथल्या पट्टकी पेशी इतक्या पातळ, की हवा आणि रक्त यांच्यातलं सगळं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ऑक्सिजनला पलीकडे जायचं तर तिथे जाडी परवडत नाही. टाच आणि वायुकोश एकाच जातीच्या ऊतीने मढवलेले, पण टाचेचा गुण फुप्फुसात आला तर माणूस गुदमरेल. इथे घट्टा पडून चालत नाही.

म्हणून राखण वरच्या वाटेवर असते. श्वासनलिकेच्या अस्तरावर रोमक पेशी, एकेकीवर दोनेकशे रोम, आणि ते सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने हलतात. ट्रान्सपोर्टनगरीतली धूळ, ग्राइंडिंगचा भुगा, चौकातला धूर चिकट श्लेष्म्यात अडकतो आणि रोम त्याला वर घशाकडे सारत नेतात. आपण नकळत तो गिळून टाकतो. बिडी-सिगारेटचा धूर वर्षानुवर्षे आत गेला की आधी रोम मंदावतात, मग झडतात. आणि मग शरीर तिथे त्याला ठाऊक असलेला उपाय करतं. नाजूक रोमक पेशींच्या जागी चपट्या पेशींचे थरावर थर रचतं, म्हणजे श्वासनलिकेत एक प्रकारचा घट्टाच तयार करतं. धुराला तो थर जास्त टिकतो, पण कफ वर ढकलायला त्याच्यापाशी काहीच नसतं. पुढे बिघडणाऱ्या पेशींना हीच जमीन सापडते. चुना-तंबाखूची गोळी ठेवायच्या जागी गालाच्या आत उमटणारा पांढरा चट्टा याच गोत्रातला.

टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी रोजच्या सवयी आणि कर्करोग यांचं हे नातं फार लवकर ओळखलं. 1945 साली त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या शोधनिबंधात धोतराच्या कर्करोगाची नोंद आहे: कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे काचत राहिलेल्या धोतराखालच्या कातडीत झालेला कर्करोग. पुढे परकराच्या नाडीखालीही तो आढळला. म्हणजे कातडीच्या सोसण्यालाही सीमा आहे. मोठ्या माणसांतले बहुसंख्य कर्करोग अभिस्तरातच सुरू होतात. सतत झिजायचं, सतत विभाजित व्हायचं आणि बाहेरचं सगळं आधी अंगावर घ्यायचं, अशा ऊतीकडून चूक होण्याची संधी जास्त.

ट्रान्सपोर्टनगरीत ट्रक चालवणारे एक काका आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी यंदा बिडी सोडली. पंधरा दिवसांनी जिन्यात भेटले ते वैतागलेलेच. “ताई, ओढत होतो तेव्हा सकाळी जरा खोकायचो. आता दिवसभर कफ पडतोय. मग सोडून फायदा काय?” तिथेच उभं राहून त्यांना सांगितलं, की तळाच्या पेशी अजून शाबूत असतात, धूर थांबला की त्या पुन्हा रोमक पेशी घडवू लागतात, बंद पडलेले रोम हलू लागतात आणि साठून राहिलेलं वर येऊ लागतं. आणखी काही आठवडे हे चालेल, तोवर पाणी भरपूर प्या. कफात रक्त दिसलं किंवा खोकला लांबला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. काकांनी शर्टाच्या रिकाम्या खिशावर हात फिरवला. “म्हणजे खोकतोय ते बरंय म्हणा की,” म्हणाले आणि कठड्याला धरून पुन्हा एकदा पोटातून खोकले.