पानिपतची वाट

फळ्यावरच्या नकाशात मी पानिपतची वाट आखत होतो. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज परतूरहून निघाली. बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, दिल्ली, कुंजपुरा. घोडदळासोबत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना नि पायदळही होते. खडू पानिपतवर टेकला, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपण कुणाच्या बाजूचे?"

क्षणभर गप्प झालो. हाच प्रश्न लहानपणी मलाही विचारला गेला होता, पण वर्गाबाहेर आणि वेगळ्या सुरात.

म्हणालो, "बेटा, अब्दालीकडे नजीबखान होता, भाऊंकडे इब्राहिमखान. १४ जानेवारी १७६१ ला तो जखमी होऊन पकडला गेला, मारला गेला. बाजू सोडली नाही."

मुलगा खाली बसला. बाहेर कुणी विचारले, तर एवढे उत्तर त्याला पुरेल का?